पाऊस थांबला तरी बंकरमध्ये तळं का? गोल्फच्या वाळूखाली काय घालतात आणि ते कसं निवडायचं

७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी सकाळी आपल्याकडे अशा कितीतरी लोकांनी गोल्फ बघितला ज्यांनी त्याआधी कधी तो चॅनल लावलाच नव्हता. टोकियो ऑलिंपिक, महिलांचा शेवटचा राऊंड, अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ, आणि खेळ रंगात आलेला असताना विजा-पावसामुळे मधेच थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला, अदिती चौथी आली, आणि ती हुरहुर अजून गेलेली नाही. त्यानंतर ओळखीतल्या काही लोकांनी मला विचारलं की अरे, असा पाऊस पडला की त्या वाळूच्या खड्ड्यांचं काय होतं, त्यांचं तळं नाही का होत?

होतं ना. बऱ्याच ठिकाणी होतंच. आणि जिथे होत नाही तिथे वाळूखाली बराच विचार करून बरंच काही घातलेलं असतं, जे टीव्हीवर कधीच दिसत नाही. मी मैदानांच्या ड्रेनेजच्या कामात असतो म्हणून मला हा विषय जवळचा, पण गोल्फ अजिबात न खेळणाऱ्यालाही समजेल असं सांगतो.

वाळूच्या खाली काय काय असतं

बंकर म्हणजे मैदानात मुद्दाम ठेवलेला वाळूचा खोलगट भाग, चेंडू त्यात गेला की बाहेर काढताना खेळाडूचा कस लागतो. वरून फक्त वाळू दिसते. पण चांगला बांधलेला बंकर उभा कापून बघितलात तर तळाला साधारण १० ते १५ सेंटीमीटर वाळू असते, बाजूच्या चढावर ती कमी होत ५ ते ७ सेंटीमीटरवर येते, वाळूखाली लायनर असतो, त्याखाली ठोकून बसवलेली जमीन, आणि त्या जमिनीत खणलेले चर, चरात खडी आणि खडीच्या मधोमध भोकाभोकांचा पाईप.

लायनर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद येतो. तो डोक्यातून काढून टाका. शेततळ्याचा कागद पाणी अडवायला असतो, बंकरचा लायनर पाणी जाऊ द्यायला असतो. त्याने अडवायची ती माती, पाणी नाही. खालची माती, मुरूम, दगडगोटे वर वाळूत येऊ नयेत, चढावरची वाळू खाली घसरू नये, आणि हे करताना पाणी कुठेही अडू नये, एवढं त्याचं काम. मी हे मुद्दाम सांगतोय कारण बंकरमध्ये खरोखर प्लास्टिक कागद अंथरायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, आणि तसं केलं तर तुम्ही हौद बांधताय, बंकर नाही.

एका पावसात नक्की बिघडतं काय

आधी आकडा बघू म्हणजे अंदाज येईल. १०० चौरस मीटरचा बंकर घ्या. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जो मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये काही नवलाचा नाही, तर त्या बंकरवर १०,००० लिटर पाणी पडलं, म्हणजे सोसायटीत येतो तो एक मोठा टँकर. हे फक्त थेट आभाळातून पडलेलं. आजूबाजूची ४०० चौरस मीटर गवताची उतरती जागा जर बंकरकडे वाहत असेल तर त्यातलं बरंचसं पाणीही तिकडेच येणार, म्हणजे एकाचे तीन-चार टँकर सहज होतात.

म्हणून लायनर कुठला, पाईप कुठला, ह्या सगळ्याच्या आधी एक काम करायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. बाहेरचं पाणी बंकरमध्ये येऊच द्यायचं नाही. वरच्या बाजूला गवताचा हलका उंचवटा किंवा उथळ चर काढून पाणी वळवून दुसरीकडे न्यायचं. ह्याला माती आणि मजुरीशिवाय काही लागत नाही. जो सल्लागार आल्याआल्या लायनरचं सॅम्पल काढतो आणि बंकरच्या भोवती एक चक्कर पण मारत नाही त्याच्यापासून सावध राहा असं मी स्पष्ट म्हणेन.

आता पाणी आत आलंच. मग दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ते तळाशी साचतं. साचलं तर खेळाच्या नियमांमध्ये त्याची सोय आहे, त्याला तात्पुरतं पाणी म्हणतात, बंकरच्या आतच कोरड्या जागी चेंडू ठेवायचा असेल तर दंड नाही, बंकरच्या बाहेर घ्यायचा असेल तर एक फटका दंड. पण अख्खा बंकरच भरला असेल तर आत कोरडी जागा शोधणार कुठे, मग स्पर्धा चालवणाऱ्या समितीला वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट, ती म्हणजे चढावरची वाळू वाहून खाली येते. चढ उघडा पडतो, त्यावर पाण्याने ओहोळ पडतात, ओहोळातून खालची माती सुटते आणि ती वाळूत मिसळते. सकाळी कामगार येतात आणि फावड्याने ती ओली वाळू परत चढावर टाकतात. ओली वाळू प्रचंड जड असते, एका घमेल्याला पाठ धरते, आणि असे बंकर एका कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या एका मैदानावर, पन्नास-साठ असू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस रोज पडतो म्हणजे हे काम रोज. शिवाय वाळू वर टाकताना तिच्यात मिसळलेली मातीही वर जाते, मातीमुळे वाळूतून पाणी आणखी हळू उतरतं, आणि हळू उतरलं की पुढच्या पावसात वाळू आणखी वाहते. हे चक्र एकदा सुरू झालं की दोन-तीन पावसाळ्यात पांढरी वाळू मातकट होऊन जाते आणि क्लबचे लोक म्हणतात वाळू खराब निघाली. वाळू खराब निघालेली नसते.

खाली खडी असूनही वाळू ओली का राहते

हा ह्या विषयातला सगळ्यात न पटणारा भाग आहे. आपल्याला वाटतं की बारीक वाळूखाली जाड खडी घातली की पाणी धाडकन खाली जाईल. जात नाही.

भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. खाली हवा आहे, अडवणारं काही नाही, तरी स्पंजात पाणी आहेच. आता तोच स्पंज उभा करा, न पिळता. लगेच आणखी पाणी गळायला लागेल. गळणं थांबल्यावर दाबून बघा, वरचं टोक जवळजवळ कोरडं आणि खालचं टोक चिंब.

वाळूचं हेच होतं. वाळूच्या दाण्यांमधल्या फटी बारीक असतात आणि बारीक फटीत पाणी चिकटून बसतं. खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्या पाण्याला खेचून घेऊ शकत नाहीत. त्यामुळे वाळूचा सगळ्यात खालचा थर पूर्ण भरेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, आणि पाऊस थांबल्यावरही तो खालचा काही सेंटीमीटरचा थर ओलाच राहतो. वाळू जितकी बारीक तितका हा ओला थर जाड. म्हणजे समजा ओला थर ८ सेंटीमीटरचा आहे आणि तुमची वाळूच १० सेंटीमीटर आहे, तर वर पाय ठेवला की पचपच होणारच, खाली कितीही महागडा पाईप असू दे.

आणि उभा स्पंज आठवा, बंकरचा चढ तसाच असतो. चढाच्या वरच्या भागातली वाळू फार कोरडी पडते, कोरडी वाळू धरून राहत नाही, घसरते. खालचा भाग ओला, वरचा भाग सुटा, हे दोन्ही त्रास एकाच कारणाने होतात. म्हणून वाळू, खडी आणि लायनर हे तीन वेगवेगळे निर्णय नाहीत, तो एकच निर्णय आहे. वाळू एकाने निवडली, खडी कॉन्ट्रॅक्टरने जवळच्या क्रशरवरून आणली आणि लायनर सेल्समनने सुचवला, की बंकर फसणार.

ड्रेनेज आधी, लायनर नंतर

चर साधारण माशाच्या काट्यासारखे आखतात, मधे मुख्य पाईप आणि दोन्ही बाजूंनी तिरके फाटे. पाईप १०० मिलिमीटर व्यासाचा, भोकांचा. उतार कमीत कमी १०० मीटरला अर्धा मीटर, जमलं तर एक मीटर द्या, आपल्याकडे पावसाचा जोर बघता मी एकाच्या खाली जायला तयार नसतो. भोकं एकाच बाजूला असतील तर ती खाली करायची, वर नाही. लोकांना उलट वाटतं, पण पाणी चरात खालून चढत येतं आणि भोकं खाली असली की ते लवकर पाईपात शिरतं.

खडी ६ ते १० मिलिमीटरची, आणि धुतलेली. क्रशरवरून आलेल्या खडीला जी पावडर चिकटलेली असते ती पहिल्याच पावसात खाली जाऊन पाईपात बसते. धुतलेली खडी मागवली तर क्रशरवाला वेड्यासारखं बघतो, तरी मागवा, नाहीतर साइटवर जाळीवर टाकून होजने धुवा.

दुसरी एक चूक फार पसरलेली आहे, ती म्हणजे पाईपाला कापडाचा मोजा घालणं. वाटतं की कापड घातलं की पाईप चोंदणार नाही. पण वाळूतून जे बारीक कण येतात ते त्या कापडावरच येऊन बसतात आणि काही महिन्यांत कापडावर चिखलाचा लेप तयार होतो, मग पाईप आतून अगदी स्वच्छ आणि पाणी मात्र बाहेर उभं. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने, म्हणजे यूएसजीएने, ग्रीनखालच्या, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवती बारीक कापलेलं गवत असतं त्या जागेखालच्या, पाईपांवर असं कापड घालू नका असं कधीपासून सांगून ठेवलंय. कण पाईपापर्यंत पोचले तर वाहून जाऊ देत, त्यासाठी पाईपाच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा जोडून झाकण लावून ठेवा म्हणजे वर्षातून एकदा होज लावून आतून धुता येतो.

वाळू खडीत घुसून बसू नये ह्याचा एक ढोबळ नियम आहे. खडीतले जे बारीक दाणे आहेत ते वाळूतल्या जाड दाण्यांच्या पाच ते आठ पटींपेक्षा मोठे नसावेत. तेवढ्यात असले की वाळूचे दाणे खडीच्या तोंडाशी एकमेकांत अडकून कमान धरतात आणि पुढे जात नाहीत. लॅबमध्ये चाळणी लावून हे दोन तासांत कळतं, खर्चही किरकोळ.

आता लायनर. पर्याय कुठले?

कापड. जिओटेक्सटाईल म्हणतात, सिंथेटिक धाग्याचं जाड कापड, जमिनीवर अंथरून मोठ्या पिनांनी ठोकतात. काही जातींना वरून लव असते, ती वाळू धरून ठेवते. स्वस्त, लवकर होतं, कुठलीही टीम करू शकते. पण ज्यांनी ते चार-पाच वर्षं वापरलंय त्यांना विचारा. चढावर वाळू पातळ झाली की कापड वर दिसायला लागतं, दाताळ्याचा दात त्यात अडकतो, यंत्राने वाळू ओढत असाल तर अख्खी पट्टीच उचकटून येते. असा एक बंकर उकरला तेव्हा कापडाच्या खालच्या बाजूला काळ्या चिखलाचा बोटभर थर निघाला होता, पिना गंजून वर आलेल्या, आणि काठाजवळ कापड फाटून त्यातून लव्हाळा उगवलेला. वाळू मात्र वरून दाताळ्याने छान ओढून ठेवलेली, बघणाऱ्याला काही कळणार नाही.

खडी आणि पॉलिमर. इथे विचारच वेगळा आहे. १९८० च्या दशकात ऑगस्टा नॅशनल, म्हणजे मास्टर्स स्पर्धा होते तो कोर्स, तिथले सुपरिंटेंडंट बिली फुलर यांनी फक्त चरात खडी न घालता बंकरच्या सगळ्या तळावर आणि चढावर खडीचा सुमारे ५ सेंटीमीटरचा थर द्यायची पद्धत आणली. सुरुवातीला त्यावर कापड असायचं, नंतर कापड काढून खडीवर पॉलिमरचा फवारा मारायला लागले, त्याने खडीचे दाणे एकमेकांना चिकटतात पण मधल्या फटी मोकळ्या राहतात. ही सुधारलेली पद्धत बेटर बिली बंकर नावाने विकली जाते. फायदा असा की पाण्याला पाईपापर्यंत वाळूतून आडवं सरकत जावं लागत नाही, जिथे पडलं तिथेच सरळ खाली उतरतं. चढावर ओहोळ पडत नाहीत कारण वरून वाहायला पाणी शिल्लकच राहत नाही. अडचण एकच पण मोठी, फवारताना खडी कोरडी आणि स्वच्छ लागते. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंतच करा, जूनमध्ये घाईघाईने उरकायला गेलात तर पॉलिमर धरणार नाही आणि पैसे गेले.

सच्छिद्र काँक्रीट. बारीक वाळू न घालता फक्त खडी आणि चिकटवणारा माल, त्यामुळे आतून आरपार पाणी जातं. कॅपिलरी काँक्रीट नावाचं स्वीडनमधून आलेलं उत्पादन ह्यातलं बरंच नावाजलेलं. कडक, मजबूत, उंदीर-घूस-खेकडे काही करू शकत नाहीत, आणि दाताळं लागलं तरी काही होत नाही. मिक्सर जवळ नेता आला पाहिजे, नाहीतर ढकलगाडीने नेताना सेट व्हायला लागतं.

ह्याशिवाय मातीवरच थेट पॉलिमर फवारून तिला कडक करणं हा एक प्रकार आहे, तो कोरड्या हवेत ठीक, पण त्यातून पाणी खाली जात नाही, वाहून पाईपाकडेच यावं लागतं. गवताची चटई उलटी अंथरून तिच्यावर वाळू टाकणारेही आहेत, एक-दोन वर्षांची सोय होते.

कडक लायनरवर खेळाडूचं मनगट दुखावेल ना?

हा प्रश्न रास्त आहे. वाळू पातळ झाली आणि काठी खाली काँक्रीटला लागली तर हाताला झटका बसतो. पण ह्याचं उत्तर वाळूची खोली सांभाळणं हे आहे. १० मिलिमीटरची सळई घ्या, तिच्यावर ५, १० आणि १५ सेंटीमीटरला रंगाचे पट्टे मारा, आणि कामगाराने आठवड्यातून एकदा तळात आणि चढावर टोचत जायचं, जिथे कमी लागलं तिथे तळातली वाळू ओढून घ्यायची. पाच मिनिटं लागतात एका बंकरला. कापड असेल तर हीच सळई कापडाला भोक पाडेल, म्हणून त्याला बोथट टोकाची ठेवा.

सेंट अँड्र्यूजला लायनर नाही, मग आपल्याला कशाला?

स्कॉटलंडचा ओल्ड कोर्स, गोल्फचं माहेरघर, ११२ बंकर, त्यातला हेल बंकर तर माणसापेक्षा उंच. तिथे गवताच्या चकत्या एकावर एक रचून उभी भिंत करतात आणि आत वाळू, लायनर वगैरे काही नाही. कारण समुद्राकाठची ती जमीन मुळातच वाळूची आहे, पाणी पडलं की खाली जातं, आणि वाळूखाली वाळूच असेल तर दोन्ही वेगळी ठेवायची गरजच काय.

तुमची जमीन तशी असेल, किनाऱ्यालगत पुळणीची, तर खरंच लायनर घालू नका, पैसे वाचवा. पण दख्खनची काळी माती घ्या. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात फुगून बंद होते, एकदा भिजली की पाणी उतरतच नाही. अशा मातीवर कापड ताणलेलं असेल तर भेगांबरोबर ते ओढलं जातं, पिना सुटतात. काळ्या मातीवर बंकर करायचा असेल तर आधी ती निदान फूटभर काढून मुरूम भरून दाबा, आणि मग वर खडी-पॉलिमर किंवा सच्छिद्र काँक्रीट. कोकणात जांभा आहे, तो फुगत नाही पण त्याची लाल माती वाळूला कायमचा रंग देते, तिथेही मधला थर हवाच. कापड मी कुठे सुचवेन? कमी पावसाचा भाग, उथळ बंकर, चढ कमी, आणि दाताळं हाताने मारणारी माणसं, तिथे ते व्यवस्थित चालतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसल्या दिवसासाठी कुठलाच बंकर बांधता येत नाही. बांधायचा तो नेहमीच्या जुलैसाठी.

वाळू कुठली? पांढरी पाहिजे का?

ऑगस्टाचे बंकर टीव्हीवर डोळे दिपवतात, ती वाळू म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइन भागात फेल्डस्पार नावाचं खनिज काढताना उरणारा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा दगड. त्याच भागातल्या अतिशुद्ध क्वार्ट्झपासून कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली भांडी बनतात, २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने तिथे पूर आला तेव्हा चिपवाल्यांचे धाबे दणाणले होते. रंग सुंदर आहे, पण बंकरचं काम रंगाने होत नाही.

बघायचं ते असं. बहुतेक दाणे पाव ते एक मिलिमीटरच्या मधले हवेत. गाळ आणि चिकणमाती मिळून तीन टक्क्यांच्या आत हवी. आणि दाणा कोनेदार हवा, गोल नको. गोल दाणा चढावर थांबत नाही आणि चेंडू त्यात अर्धा रुतून बसतो, खेळाडू त्याला फ्राइड एग म्हणतात. रुतण्याची चाचणी करायला पेनेट्रोमीटर नावाचं हातात धरायचं छोटं यंत्र असतं, चौरस सेंटीमीटरला २.४ किलोच्या वर आकडा आला तर चेंडू सहसा रुतत नाही, १.८ च्या खाली आला तर ती वाळू घेऊ नका.

आता आपल्याकडची वस्तुस्थिती. नदीची वाळू मिळत नाही, मिळाली तर कुठून आली हे विचारायची सोय नाही, आणि नद्यांची जी अवस्था आपण केली आहे ती बघता खेळासाठी ती मागूच नये असं माझं ठाम मत आहे. सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळू निघते, ती धुऊन चाळून मिळते. आणि सगळीकडे मिळणारी एम-सँड, म्हणजे काळा दगड फोडून केलेली. तिचा दाणा कोनेदार, चढावर मस्त बसतो, पण तिच्यात पावडर फार. बांधकामाच्या वाळूचं आयएस ३८३ हे जे मानक आहे त्यात दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनखालचा माल २० टक्क्यांपर्यंत चालतो. काँक्रीटला तो चालतो, बंकरला अजिबात नाही. म्हणजे सर्टिफिकेट दाखवलं म्हणून घेऊ नका, दोनदा धुतलेली मागा. काळी दिसते हा आक्षेप मला पटत नाही, पांढरा चेंडू काळ्या वाळूत उलट लांबून दिसतो.

घरी करता येईल अशी एक चाचणी. काचेची पारदर्शक बाटली घ्या, तिसरा भाग वाळू, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, तिच्यावर गाळाचा वेगळ्या रंगाचा पट्टा बसतो, आणि चिकणमाती असेल तर पाणी कितीतरी तास गढूळच राहतं. पट्टा स्पष्ट दिसत असेल किंवा संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं नसेल तर तो ट्रक परत पाठवा. लॅब रिपोर्ट नंतर येऊ दे.

एवढा खर्च कोण करणार?

सुरुवातीला कापड स्वस्त आणि खडी-पॉलिमर किंवा सच्छिद्र काँक्रीट कितीतरी महाग, हे खरंच आहे. पण हिशोब मांडताना वाळूपण धरा. अमेरिकेतल्या गोल्फ आर्किटेक्टांची संघटना बंकरच्या वाळूचं आयुष्य ५ ते ७ वर्षं आणि ड्रेनेज पाईपाचं ५ ते १० वर्षं धरते. माती मिसळली की तेवढंही मिळत नाही, आणि वाळू बदलायची म्हणजे जुनी काढणं, टाकणं, नवी आणणं, पसरणं, दाबणं. त्यात रोजच्या पावसानंतर फावडं मारणाऱ्या माणसांची मजुरी. बहुतेक क्लब ती मोजतच नाहीत कारण माणसं पगारी असतातच, पण तीच माणसं त्या सकाळी गवताचं काहीच काम करू शकत नाहीत. आणि त्यांच्या पाठी-गुडघ्यांचा हिशोब तर कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, मला तो सगळ्यात आधी धरावासा वाटतो.

पैसे खरोखर कमी असतील तर सगळे बंकर स्वस्तात करू नका, निम्मे बंकर बुजवून गवत लावा आणि उरलेले नीट करा. खेळात न येणारे, नुसते शोभेचे बंकर प्रत्येक कोर्सवर असतात. ते काढले तर कुणालाच त्यांची आठवण येणार नाही.

श्रीमंतांच्या खेळाचं आम्हाला काय?

हे विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. पण हे सगळं शिकलेलं ज्ञान गोल्फपुरतं राहत नाही. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये २०१७ साली सबएअर नावाची यंत्रणा बसवली, मैदानाखालच्या पाईपातून हवा ओढून पाणी खेचून घेणारी, ती मुळात ऑगस्टाच्या ग्रीनसाठी तयार झालेली. आज तिथे पावसानंतर क्रिकेट लवकर सुरू होतं ते त्यामुळे. वाळू-खडीचा मेळ, पाईपाला मोजा न घालणं, बाहेरचं पाणी आधी वळवणं, हे शाळेच्या मैदानाला, रिटेनिंग वॉलच्या मागच्या भरावाला, गच्चीवरच्या बागेलाही लागू पडतं. तिथेही लोक मातीखाली खडी घालून निश्चिंत होतात आणि मग छत गळतं म्हणून डांबर ओततात.

ऑर्डर देण्याआधी

एकच बंकर आधी बांधून घ्या, शक्यतो सगळ्यात त्रास देणारा, आणि एक पूर्ण पावसाळा त्याच्याकडे बघत राहा. जमलं तर अर्ध्या भागात एक लायनर आणि अर्ध्यात दुसरा. मोठा पाऊस पडून गेला की किती वेळात वर चालता येतं, चढावर ओहोळ पडले का, किती घमेली वाळू परत वर टाकावी लागली, हे कामगारालाच एका वहीत लिहायला सांगा, त्याला हे कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त कळतं.

पाणी उतरतंय का ते मोजायला पीव्हीसी पाईपाचा फूटभर तुकडा वाळूत थोडा ठोका, आत पाणी ओता, आणि ठराविक सेंटीमीटर खाली जायला किती मिनिटं लागली ते लिहा. एकदा पाणी जिरवून घ्या आणि दुसऱ्या खेपेचा आकडा धरा, कोरड्या वाळूचा पहिला आकडा नेहमी फसवतो. नवीन वाळूत तासाला अर्धा मीटर पाणी उतरायला हवं. दर वर्षी एप्रिलमध्ये त्याच जागी परत मोजलं की वाळूत माती शिरतेय का ते पावसाळ्याच्या आधीच कळतं.

आणि पास झालेल्या वाळूचं एक पोतं आणि खडीचं एक पोतं, दोन्हींवर तारीख आणि सप्लायरची सही घेऊन, स्टोअरमध्ये बाजूला ठेवा. दोन वर्षांनी भरणीची वाळू मागवाल तेव्हा ट्रकमधली वाळू त्या पोत्यातल्या वाळूशेजारी ठेवून बघायची, बाटलीत हलवायची, आणि मगच गेट उघडायचं.